आईच्या खोलीतला फिल्टर

तिने एसीचा फिल्टर वर्तमानपत्रावर आपटला, तशी जुन्या रजईतल्या कापसासारखी करडी धूळ थराने सुटून पडली.

"हे सगळं आमच्या बेडरूममधलं?" वहिनीने नाक दाबलं.

"दिवसरात्र मशीन चालतं, मग एवढं निघणारच. निघालं नसतं तर काळजी."

"बघा आमची फिल्टरवाली," दादा दारातून म्हणाला. "लोकांची घाण बघून खूश होणारी जगात एकटीच."

त्यात खोटं काही नव्हतं. घरं गार आणि गरम करणारी मशीनं साफ करण्यात तिची निम्मी हयात गेली होती. कोणी मांजर पाळलंय, कोण दार उघडं टाकून तळण काढतं, हे तिला गिऱ्हाइकाने सांगावं लागत नसे. सगळ्यात जाड फिल्टर मागणाऱ्यांना ती विचारायची, "नाकाला घोंगडी बांधून पळाल का? मशीनचंही तसंच असतं हो." लोक हसायचे आणि ती म्हणेल तो फिल्टर घ्यायचे.

आईच्या खोलीतलं मशीन तिने स्वतः घेऊन दिलं होतं. आईला दम लागायचा. खिडकी बंद ठेवा, रस्त्याची धूळ आत येऊ देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्या छोट्या मशीनला फिल्टर निवडताना तिने दुकानदाराचं डोकं उठवलं होतं. फार दाट घेतला तर मशीन गुदमरणार, विरळ घेतला तर आई. शेवटी मधला सापडला, तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडला.

आता आईच्या खोलीत स्टुलावर चढून तिने मशीनचं झाकण उघडलं आणि फिल्टर ओढला. तो पांढराशुभ्र होता. पहिल्यांदा तिला रागच आला, आपल्याला डावलून यांनी दुसऱ्या कोणाला बोलावलं की काय. मग कोपऱ्यात पेनाने लिहिलेला महिना दिसला. अक्षर तिचंच होतं. मागच्या खेपेला नव्या मशीनसोबत बसवलेला हाच तो फिल्टर.

"आई, मशीन चालू नसतं?"

"असतं की." आई पलंगावरची चादर सारखी करू लागली. खिडकी सताड उघडी होती आणि उशाशी टेबलफॅन घरघरत होता.

ती घरघर तिच्या ओळखीची होती. फोनवर ती दर वेळी विचारायची, मशीन लावतात ना? आई म्हणायची, "लावतात गं, हे बघ, ऐक." मग फोन लांब धरून आवाज ऐकवायची. तो ऐकून ती निर्धास्त झोपायची.

"तू मला पंखा ऐकवत होतीस?"

आई चादरीची सुरकुती काढत राहिली.

"रिमोट कुठे आहे?"

"त्यांच्या खोलीत असेल. त्यांचा बिघडला होता, म्हणून नेला."

"कधी?"

"तू मशीन बसवलंस, त्याच आठवड्यात."

ती फिल्टर घेऊन तडक बाहेर गेली आणि तो दादासमोर धरला. "तुमच्या खोलीतून रजई निघाली आणि हा बघ आईचा. एक दिवस तरी लावलंत का रे?"

दादाने बायकोकडे पाहिलं. "अगं, एका घरात दोन-दोन मशीनं..."

"मीच बंद ठेवायला सांगितलं." आई भिंत धरून दारापर्यंत आली होती. तेवढ्या चालण्यानेही तिला धाप लागली होती. "मला ती हवा... सोसत नाही. अंग धरतं."

"घ्या," वहिनी म्हणाली. "आम्ही उगाच वाईट, वन्सं."

दादाचा आणि वहिनीचा राग येणं तिला नवं नव्हतं. पण आईने केलं ते जिव्हारी लागलं. जिच्यासाठी भांडायला उभं राहावं, तिनेच चारचौघांत तोंडघशी पाडावं? रिमोट मागून घेऊन ती खोलीत परतली. मागोमाग आई आली आणि हळूच पलंगावर बसली.

"खोटं का बोललीस?"

"तू सहा महिन्यांनी येतेस पोरी. मला रोज त्यांच्यातच जेवायला बसायचंय."

"मग चल माझ्याकडे."

"आणि तुझ्या सासूबाई कुठे झोपतील?"

आईने ते टोचून विचारलं नव्हतं. खरोखरच विचारलं होतं. ती परत स्टुलावर चढली.

जुना फिल्टर आणखी वर्षभर चालला असता. तरी तिने नवा बसवला, कारण हातांना काहीतरी काम हवं होतं. आईशी बोलायची तिची इच्छा नव्हती. तिने झाकण लावलं, मशीन चालू केलं. आईने उठून खिडकी लावली, पंखा बंद केला आणि ती मशीनखाली येऊन उभी राहिली. गार वारा आला तसं तिने तोंड वर केलं, डोळे मिटले. कपाळावरचे पांढरे केस उडू लागले.

"झालं का गं? चहा ठेवलाय," बाहेरून दादाची हाक आली.

आईने डोळे उघडले नाहीत. "मशीन चालवून बघायचं ते तुमचं टेस्टिंग असतं ना," तिने हळू आवाजात विचारलं, "त्याला किती वेळ लागतो?"

टेस्टिंगला पाच मिनिटं पुरतात.

"बराच लागतो," ती आईकडे न बघता म्हणाली. मग तिने खोलीचं दार आतून लोटून घेतलं आणि ती स्टूल ओढून दाराला पाठ लावून बसली.