मिशीआडचे शब्द

रंगूला आठवीच्या वर्गात सगळ्यांचं बोलणं दिसायचं. दिसायचं नाही ते फक्त दत्तात्रेय मास्तरांचं.

लहानपणी एका तापात तिचे कान गेले होते. तोवर ती बोलायला, वाचायला शिकली होती म्हणून शब्द तिच्यापाशी राहिले. आवाज तेवढे ओहोटीबरोबर गेले ते माघारी आले नाहीत. सातवीपर्यंत मराठी शाळेत वेणूबाई होत्या. त्या तिच्याकडे तोंड करून शिकवायच्या आणि रंगू त्यांच्या ओठांवरून धडे उचलायची. आई, चंद्राबाई, बोंबील वाळत घालताना ओवी म्हणायची, तीही तिने ओठांवरूनच पाठ केली होती:

समिंदराची गाज, माज्या लेकीला न्हाय ठावी
तिच्या डोल्यांच्या व्हडीत, माजी ओवी मी बसवावी

सत्तावन्न साली ती बंदराजवळच्या नव्या हायस्कुलात आली आणि मास्तरांच्या मिशीपाशी सगळं अडलं. मिशी झुपकेदार होती, वरचा ओठ पुरता झाकणारी. मास्तर मनाचे वाईट नव्हते. पोरगी बहिरी म्हणून ते तिच्यासाठी मोठ्याने बोलायचे. मग मिशी नुसती जास्त हलायची, वाऱ्यात झावळी हलावी तशी. सहामाहीला शुद्धलेखनाचा कागद रंगूने कोरा दिला. हेडमास्तरांनी चंद्राबाईला बोलावून सांगितलं की सोमवारी दिपोटीसाहेब तपासणीला येतायत, त्यांच्यासमोर शुद्धलेखन होईल. पोरीला जमलं तर ठीक, नाही तर नाव काढावं लागेल; बहिऱ्यांची शाळा मुंबईला असते. मुंबईला आपलं कोन हाय, एवढंच चंद्राबाई म्हणाली आणि पदराने हात पुसत राहिली.

नाव काढलं म्हणजे काय, ते रंगूला ठाऊक होतं. घरात थांबून ओठ दाखवायला कुणाला सवड नव्हती. चुलीपुढे बायका खाली मान घालून बोलतात, होडीवर बाप्ये पाठमोरे बोलतात. शाळा सुटली की शब्दच सुटणार होते.

शुक्रवारी मास्तरांनी तिला उभं केलं. काहीतरी विचारलं, पुन्हा विचारलं, मग हताश होऊन हात हवेत उडवले. रंगूने वेणीचं टोक नाकाखाली आडवं धरलं आणि त्याआडून ओठ हलवले. मग वेणी काढून तेच पुन्हा बोलून दाखवलं. मास्तरांच्या मिशीकडे बोट केलं.

वर्ग खदखदून हसला. तिच्या बाकावरची नसीबा घाबरून तिचा परकर ओढू लागली. मास्तर कानापर्यंत लाल झाले, छडीकडे गेलेला त्यांचा हात मात्र मध्येच थांबला. तो त्यांनी आपल्या मिशीवर ठेवला.

सोमवारी ते मिशी काढून आले.

त्या किनाऱ्यावर मिशी काढायची ती बाप गेल्यावर. मुंबईत साहेबलोक काय हवं ते करोत, इथे बापाच्या हयातीत ओठ उघडा करणं म्हणजे त्याचं मरण मागणं. मास्तरांच्या डोक्यावर नेहमीची काळी टोपी होती. टोपीखाली केस आहेत की नाहीत, ते कुणी बघायला गेलं नाही. काळूराम शिपायाने घंटेचा हातोडा हातातच ठेवला. लगबगीने हेडमास्तरांकडे जाऊन तो काहीतरी बोलला. त्याचे ओठ मिटले, उघडले, मिटले. बाप की पाप, रंगूला कळलं नाही. प, ब आणि म ओठांवर सारखेच दिसतात. पण हेडमास्तरांनी घाईने काढलेली चप्पल आणि जोडलेले हात बघून तिला कळलं. सुतकात शाळेत कशाला आलात, असं ते मास्तरांना विचारत असावेत. मास्तर काही सांगू लागले तोच साहेबांची जीप फाटकात आली.

शुक्रवारी रंगूनेच त्या मिशीकडे बोट केलं होतं. ते बोट मास्तरांच्या म्हाताऱ्या बापाला लागलं. बंदरावर तर म्हणतातच, निघत्या होडीकडे बोट दाखवू नये.

दिपोटीसाहेब खुर्चीत बसले. त्यांची मिशी मास्तरांच्या जुन्या मिशीहून मोठी, दोन्ही बाजूंना पीळ दिलेली. त्यांनी नसीबाला उठवून मागच्या बाकावर पाठवलं आणि बोटाने बजावलं, हिला कुणी शिवायचं नाही, खुणा करायच्या नाहीत. शुद्धलेखन सुरू झालं.

मास्तर समोर, उजेडाकडे तोंड करून उभे होते. आज त्यांचा ओठ उघडा होता आणि आजच रंगूला वर बघवत नव्हतं. बघितलं तर तो सोलल्यासारखा पांढुरका ओठ दिसणार, आणि त्याच्यामागे चिता. आजूबाजूला दौतीत टाक बुडत होते, कोपरं हलत होती. एक वाक्य गेलं असावं. दुसरंही गेलं. तिचा कागद कोराच होता, त्यावर पाण्याचा एक थेंब पडून पसरला. मान उचल, ती स्वतःला सांगत होती, आता नाही उचललीस तर कायमची खालीच राहील. मान उचलत नव्हती.

इतक्यात पुढच्या बाकावरच्या रतनचा टाक हवेत थांबला. टाकाच्या टोकाला शाई जमून टपकली, तरी तिने हात हलवला नाही. शेजारची कोपरं थांबली, पलीकडचीही. अख्खा वर्ग लिहायचा थांबला होता. काय झालं असेल या भीतीनेच रंगूने वर बघितलं.

हेडमास्तर खुर्चीतून अर्धे उठले होते. साहेब पुढे वाकले होते. मास्तर मात्र तिच्याकडेच बघत होते. त्यांनी वाक्य पुन्हा सांगितलं, सावकाश. 

ओठ मिटले, उघडले, मिटले. शेवटचं 'जिवंत आहे' तिला लख्ख दिसलं. पण जिवंत काय? बाप? की पाप?

माझं पाप जिवंत आहे. हे मास्तर कुणाचं सांगतायत, स्वतःचं की माझं? तिने डोळ्यांनी विनवलं, आणखी एकदा. साहेबांनी हात वर केला, आता पुरे अशी खूण केली. मास्तरांनी तरीही सांगितलं. पहिल्या शब्दाच्या शेवटी त्यांचं तोंड मोठं उघडं राहिलं.

माझा. पाप 'माझं' असतं. 'माझा' असतो तो बाप.

रंगूने लिहिलं: माझा बाप जिवंत आहे. मास्तरांच्या घरात बापाला बाप म्हणत नसतील, पण आज त्यांनी रंगूच्या घरचा शब्द उचलला होता.

मास्तरांचा चेहरा सैल झाला. पुढचं वाक्य आलं: तो म्हसळ्याच्या बाजारात रंगूच्या आईशी बोंबलांच्या भावावरून भांडतो. पोरांचे खांदे हसण्याने गदगदले. चंद्राबाई घरी येऊन ज्या किरकिऱ्या म्हाताऱ्याच्या नकला करायची, तो हाच! रंगू एका हाताने डोळे पुसत दुसऱ्याने लिहीत गेली.

साहेब उठले. त्यांनी मास्तरांना काहीतरी विचारलं. साहेबांनी आपल्या मिशीवरून फिरवलेलं बोट आणि हेडमास्तरांनी शरमेने खाली घातलेली मान बघून रंगूला प्रश्न कळला: बाप जिवंत आहे, मग मिशी का काढली? रंगू उठली. तिचा आवाज वाकडातिकडा येतो म्हणून पोरं हसायची, त्यामुळे वर्गात ती सहसा बोलत नसे.

"त्यांचे ओठ मला दिसत नव्हते," ती म्हणाली. "म्हणून काढली."

साहेब तिच्या बाकापाशी आले. कागद उचलून त्यांनी वाचला, परत वाचला. मग तिच्याकडे बघून काहीतरी म्हणाले. मिशी हलली. रंगूने मान हलवली, नाही दिसत. ते पुन्हा म्हणाले. पुन्हा नुसती मिशी.

साहेब क्षणभर घुटमळले. मग त्यांनी दोन बोटांनी आपली पिळदार मिशी वर उचलून धरली. ओठ मिटले, जरासे उघडले, दात दिसले.

बस.

बस म्हणजे खाली बस. बस म्हणजे पुरे झालं, असंही. चेहऱ्यावरून काही उलगडेना, हातात तिचा कागद तसाच. मास्तरांकडे बघून विचारता आलं असतं. रंगूने विचारलं नाही. ती खाली बसली आणि तिने टाक दौतीत बुडवला.

कुणी तिला उठवलं नाही. साहेबांनी कागद तिच्यापुढे ठेवला आणि मागे वळून नसीबाला बोटाने खूण केली. नसीबा दप्तर कवटाळत येऊन आपल्या जागी टेकली. तिचं कोपर रंगूच्या कोपराला लागलं, आणि समोर मास्तरांनी पुढचं वाक्य सांगायला ओठ उघडले.