एका हाताने निघणारी बॅटरी

मी एक जुनी बॅटरी आहे. रंगाने काळी आणि साबणाच्या दोन वड्या एकावर एक ठेवाव्यात एवढी. मित्रांनो, मला ना पाते, ना टोक. एकटीने मला कागदालाही भोक पाडता येत नाही. पण ज्या मशीनच्या बुडाशी मी बसते, त्याच्या अंगात बळ येते. त्यामुळे माझ्यात थोडा तोरा आहे, तेवढा पोटात घाला.

कारखान्यातला माझा जन्म मला आठवत नाही. आठवते ते दुकान. मी एका लहानशा ड्रिलसह सर्वांत खालच्या फळीवर होते. वर मोठमोठी मशीन भाव खात बसलेली असायची.

एकदा एक ताई आली. म्हणाली, "एक ड्रिल, कुंपण छाटायची छोटी कात्री आणि पाचोळा उडवायचा ब्लोअर हवाय. तिन्हींना एकच बॅटरी चालली पाहिजे."

दुकानदाराने सर्वांत दांडगे ड्रिल पुढे केले. "हे घ्या. भिंतच काय, डोंगर पोखरेल!"

ताईने उजवा हात खिशात घातला, ड्रिल गुडघ्यांत धरले आणि एकट्या डाव्या हाताने बॅटरी ओढून पाहिली. दोन्ही बाजूंची बटणे एकदम दाबावी लागत होती. ती काही निघेना. दुसरे ड्रिल झाले, तिसरे झाले. दुकानदाराच्या नाकी नऊ आले.

"ताई, तुम्ही डावखुऱ्या आहात का हो?"

"मी नाही. बाबा आता झालेत."

मग दुकानदारानेही आपला उजवा हात पाठीमागे धरला आणि खालच्या फळीपाशी वाकला. मला एकच बटण होते. अंगठ्याने दाबताच मी सुटकन त्याच्या हातात आले. वरच्या फळीने नाक मुरडले, पण निवड माझीच झाली.

बाबा आयुष्यभर फिटर होते. आजारपणात त्यांच्या उजव्या हातातली ताकद गेली आणि तेव्हापासून ते खिडकीजवळच्या खुर्चीत बसून असत. ताईने आम्हाला समोर ठेवले, तेव्हा त्यांनी मला काढून पाहायला घेतले. एवढ्यात आई धावली. "अहो, द्या इकडे, मी काढते!"

बाबांनी ड्रिल तिच्या हातात दिले आणि तोंड फिरवले. मग कितीतरी दिवस आम्ही कपाटावर धूळ खात पडलो. आईची ती मायाच होती, पण खरे सांगते, मला तिचा भारी राग आला.

शेवटी ताईच बोलली. "आई, तू धावत जातेस ना, म्हणून ते उठतच नाहीत गं."

दुसऱ्या दिवशी आईने आम्हाला बाबांच्या पुढ्यात ठेवले आणि ती स्वयंपाकघरात जाऊन घासलेलीच भांडी पुन्हा घासत बसली. बाबांनी ड्रिल गुडघ्यांत धरले. मी निसटून धाडकन खाली पडले. भांड्यांचा आवाज थांबला, पण आई आली नाही. मी पुन्हा पडले. तरी ती आली नाही. त्यानंतर मात्र मी अलगद त्यांच्या तळहातावर उतरले.

"अगं, ऐकलंस का? निघाली!"

"काय निघाली?" आई पदराला हात पुसत आली आणि मग डोळेही पुसू लागली. माझा राग तिथेच विरघळला.

त्यानंतर पडद्याच्या दांड्या बसल्या, शेजाऱ्यांची दारे दुरुस्त झाली, अंगणातला पाचोळा उडाला. कुंपण तर असे नीट झाले की येणारेजाणारे थांबून पाहत. बाबांचे कौतुक झाले की मीही फुगत असे.

आता माझा दम कमी झाला आहे. कुंपणाची एक बाजू झाली की मी बंद पडते. ताईने नवी बॅटरी आणली. त्या दिवशी बाबा थांबलेच नाहीत. सगळे कुंपण एका दमात छाटले आणि संध्याकाळी त्यांना घासही उचलवेना.

पुढच्या छाटणीच्या दिवशी नवी बॅटरी सापडेना. कात्रीत पुन्हा मी होते.

"आई, हिला का लावलंस? ही अर्ध्यातच बंद पडते."

"म्हणूनच लावली. माझं ते ऐकत नाहीत, हिचं ऐकतात."

मित्रांनो, बॅटरीला उन्हात टाकू नका, चार्जरवर विसरू नका, आणि ती खरोखर संपली की कचऱ्यात न फेकता जुन्या बॅटऱ्या घेणाऱ्याकडे द्या. पण ती संपली हे ठरवण्याची घाई करू नका. दर छाटणीला मी कुंपणाच्या कोपऱ्यावर बंद पडते, बाबा कुरकुरत पायरीवर येऊन टेकतात, आणि आई आधीच तिथे जागा करून बसलेली असते.