लेकीचं बंदर बघायला

तसनीमला जिनोआत जहाजबांधणी शिकायला प्रवेश मिळाला आणि दोहात, अल मुंतझातल्या आमच्या फ्लॅटमध्ये आठवडाभर कोणी कोणाशी धड बोललं नाही. पोरगी इटलीत एकटी राहणार, ही कल्पनाच तिच्या अब्बांना, मन्सूरना, सोसत नव्हती. शेवटी त्यांनीच तोडगा काढला.

"नफिसा, तू जा तिच्यासोबत. बघून ये. तू नाही म्हणालीस तर खलास."

खरं सांगते, मी नाही म्हणायलाच निघाले होते. खालच्या बकाल्यातून, म्हणजे किराणा दुकानातून, दूधसुद्धा फोन करून वर मागवणारी ही मुलगी परदेशात काय दिवे लावणार होती?

तसनीमने मात्र अट घातली. "अम्मी, नो टॅक्सी, नो हॉटेल. मी राहणार तशीच तूही राहायचं." त्यामुळे या वयात मी पाठीवर सॅक घेतली आणि हॉस्टेलच्या वरच्या बंकवर झोपले. म्हणजे पडून राहिले.

सकाळपासून पायपीट. जुन्या जिनोआतल्या गल्ल्या इतक्या अरुंद की समोरून कोणी आलं की अंग चोरावं लागे. त्यात सगळा चढ. कॉफी मागितली तर औषधाच्या डोसाएवढी आली. दुपारी तसनीमने नळावर बाटल्या भरल्या, बेकरीतून तेलाने माखलेला जाड पाव आणला आणि आम्ही चर्चच्या पायऱ्यांवर बसून खाल्ला. पाव चांगला होता, पण मी तसं बोलले नाही. घरी जाऊन सांगायच्या तक्रारी मी मनात साठवत होते.

मग आम्ही जुन्या धक्क्यासमोर आलो. तिथे कमानींखाली एक मासळीचं दुकान दिसलं आणि माझ्या जिवात जीव आला. माझं माहेर मिरकरवाड्याचं, मासळीच्या बंदरावरचं. शिवाय म्हावरं असलं की हलालचा प्रश्नही मिटतो. बर्फावर बांगड्यासारखे मासे मांडले होते. मी सरळ एक उचलला आणि ताजा आहे का बघायला अंगठ्याने कल्ला उघडला.

काउंटरमागची बाई जोरात ओरडली. सगळं दुकान माझ्याकडे बघायला लागलं. तिकडे गिऱ्हाइकाने मासळीला हात लावायचा नसतो, हे मला कुठे ठाऊक? कल्ला न बघता म्हावरं घ्यायचं, हे आमच्या सात पिढ्यांत कोणी केलेलं नाही. माझ्या हातातला मासा तसाच राहिला. इतकी वर्षं कतारात काही अडलं की मी मन्सूरच्या मागे उभी राहत आले. आताही सवयीने दोन पावलं मागे सरले, तर पुढे तसनीम.

आता ही मला ओढत बाहेर नेणार, असं मला वाटलं. पण तिने आधी माझ्या हातातला मासा घेऊन बाजूला ठेवला, आम्ही तो विकत घेतोय असं खुणेने सांगितलं. मग मोडक्यातोडक्या इटालियनमध्ये, हातवारे करत, एकेक शब्द शोधत ती बोलत राहिली. चुकली की हसायची आणि पुन्हा सुरू करायची. बाईचा आवाज हळूहळू खाली आला. शेवटी बर्फावरचा दुसरा मासा तिने स्वतः उचलला, कल्ला उघडला आणि माझ्या नाकासमोर धरला. लालभडक. मी मान हलवली. तिनेही हलवली, आणि दोन्ही साफ करून दिले.

"काय सांगितलंस तिला?" मी बाहेर येऊन विचारलं.

"आय टोल्ड हर, माय अम्मी इज फ्रॉम अ फिशिंग टाउन. तिने बघितल्याशिवाय आमच्याकडे म्हावरं शिजत नाही."

संध्याकाळी हॉस्टेलच्या किचनमध्ये मासे तिनेच तळले. मीठ कमी पडलं होतं. मी काटासुद्धा चोखून खाल्ला.

मन्सूरचा दोहाहून फोन आला. तसनीम पाठमोरी उभी राहून तवा घासत होती. तवा कधीच स्वच्छ झाला होता, तरी घासतच होती.

"काय मग? परत आणतेस ना तिला?"

चढ, बंक, कॉफी, सगळं सांगायला तयार होतं. त्यातलं एकही जिभेवर येईना.

"पाठवायची," मी म्हटलं.

"एकटीला?"

"एकटीला. आणि अहो, थंडीत मी येणार तिच्याकडे. मीसुद्धा एकटीच येईन."

तसनीमचा हात थांबला.

"इन्शाल्ला," मन्सूर म्हणाले. "मग तिला जाड कोट लागेल. तिथेच बघून ठेवा दोघी. इथे कतारात कुठे मिळायचा?"