नटाखालचा रंग

रंगाचा तो कपचा नखाएवढा होता, पिवळा, अजून चकचकीत — आणि रघुजीने पान्याच्या टोकाने तो उचलला तेव्हा खाली लोखंड दिसलंच नाही, आणखी रंगच दिसला. डंपरच्या चेसीवरचा हा एक नट. त्याखाली दोन तारांची टोकं, एक दिव्यांची, एक गिअरबॉक्सच्या विजेच्या पेटीची. दोन्हींचा करंट याच नटातून चेसीत उतरायचा आणि बॅटरीकडे परत जायचा. आता मधे रंगाची पापडी. नट आणि बॅटरी यांच्यामध्ये मीटर लावला होता; दिवे बंद होते तोवर त्याचा काटा जागचा हलला नव्हता. दिवे लावले तसा पाच व्होल्टवर गेला. पाच! एवढं वाटेतच खाल्लं गेलं तर पेटी उपाशी, आणि या ऑटोमॅटिक गाड्यांची पेटी उपाशी राहिली की गिअर सोडून देते. भरल्या गाडीचाही. चढावरसुद्धा.

तीन वेळा तपासली ही गाडी मी... होसकोट्याच्या या शेडमध्ये, दिवसाढवळ्या, दिवे न लावता. आणि तिन्ही वेळा कागदावर लिहिलं, ‘दोष नाही’. वा रे रघुजी मिस्त्री. बावीस वर्षांची नोकरी म्हणे.

मल्लाप्पा तिन्ही वेळा एकच सांगत होता, की खाणीच्या चढावर गाडी आपोआप न्यूट्रलला जाते आणि मागे घसरते. हा ड्रायव्हर निपाणीकडचा, मराठी बोलणारा, म्हणून रघुजीला आपला वाटायचा. तरी त्यानेही मनात म्हटलंच होतं, डुलकी लागत असेल गड्याला. मॅनेजर भीमाचार्य तर तोंडावरच म्हणाले होते. तिसऱ्या खेपेला मागचं चाक कडेच्या दगडांना टेकलं म्हणून डंपर थांबला, त्याखाली साठ फूट काही नव्हतं. मग मल्लाप्पाला पत्र मिळालं. आज दोष सापडला नाही तर त्याने घरी जायचं.

आणि सकाळी तो सहज बोलून गेला, खाणीत धुळीने स्वल्प पण दिसत नाही, अण्णा, दिवसभर दिवे लावूनच चालवायची. सहज! आधी का नाही बोललास, असं रघुजीच्या ओठांवर आलं होतं. पण विचारायचं कुणी होतं?

...महिन्यापूर्वीचा आयुधपूजेचा दिवस, खंडेनवमीचा. दर वर्षी पूजेआधी गाड्या नव्याने रंगवायच्या, चाकांखाली लिंबं, बॉनेटला झेंडूच्या माळा. यंदा पेंटर मागे लागला, तारा मधे येतात, चेसी नीट रंगवता येत नाही. रघुजीनेच नट सोडला, तारा बाजूला बांधल्या. रंग ओला होता तेवढ्यात भटजी आले, मुहूर्त चालला म्हणून भीमाचार्य ओरडायला लागले, गाड्या चालू करून ओळीत आणायच्या होत्या — आणि रघुजीने ओल्या रंगावरच नट आवळला. लोखंड कानशीने घासून चकचकीत केल्याशिवाय तार लावायची नाही, हे शेडमध्ये प्रत्येकाला शिकवणारा तो. उद्या घासू म्हणाला. मग त्याच नटाला कुंकू लावलं, मीटरलाही लावलं, आणि संध्याकाळी घरी बायकोला, प्रेमाला, कौतुकाने सांगितलं की यंदा पूजा कशी झाली. ती प्रसाद वाटत शेजारीपाजारी फिरली. तो मेला ‘उद्या’ आलाच नाही.

पॉलिश पेपरने दोन मिनिटांचं काम. रघुजीने ते केलं. काटा खाली आला, दिवे लावलेले असतानाही. इतका वेळ छातीवर असलेलं काहीतरी उतरलं — आणि त्याच दमात त्याला शब्दही सुचले. तार सैल होती. खाणीत हादरे बसतात, सैल होते तार, त्यात कुणाचं काय चुकलं? मल्लाप्पाची नोकरी राहते, माझं नाव राहतं. इतकं सोपं.

भीमाचार्यांना त्याने तेच सांगितलं. त्यांनी कानडीत सरी, सरी, म्हणजे बरं बरं, म्हणत मल्लाप्पाचं पत्र फाडलं आणि वेळ फुकट नको म्हणून त्याला लगेच खाणीवर पिटाळलं. ही गाडी संध्याकाळपर्यंत तपासत ठेवा, म्हणाले, तो दोन नंबरची गाडी घेऊन जाईल.

दोन नंबर.

रघुजी पान्यावरचा रंग पुसत होता, त्याचा हात थांबला. त्या दिवशी एक गाडी नव्हती. पाच होत्या. पाच नट, तोच ओला रंग, तोच मुहूर्त; बाकीच्या चारांनी अजून दगा दिला नव्हता, एवढंच. ही एक इथे आहे, दुसरी फाटकाकडे तोंड करून उभी आहे, आणि तीन आत्ता, या क्षणी, दिवे लावून चढावर आहेत.

तो धावत बाहेर आला. मल्लाप्पा केबिनमध्ये चढला होता. महिनाभरात पहिल्यांदाच त्याचा चेहरा मोकळा दिसत होता. खिडकीतून वाकून त्याने विचारलं, “अण्णा, हिचं काम पण तुमच्याच हातचं न्हवं?”

उतर म्हणायला हवं होतं. पण उतर म्हटलं की का ते सांगावं लागणार, आणि एकाचं सांगितलं की पाचांचं. रघुजीची मान हलली. होकारार्थी. मीच हलवली, दुसऱ्या कुणी नाही.

“मग काळजी नाही,” मल्लाप्पा म्हणाला.

फाटक उघडायला वॉचमनला वेळ लागतो, तिथे गाठू, असं रघुजीने ठरवलं. फाटक उघडलं. मग वाटलं, वळणापर्यंत गाडी हळूच जाते, तिथवर हाक पोचेल... मग वळणही गेलं. खाणीवर फोन आहे. जायला चाळीस मिनिटं लागतात, भरायला वीस, म्हणजे तासभर आहे हातात, तासाभरात कधीही फोन करता येईल — आणि हा हिशेब करत तो तिथेच उभा होता, फोन त्याच्या मागे वीस पावलांवर होता, आणि त्याला कळत होतं की हा तासभर आपण मल्लाप्पासाठी मोजत नाही आहोत.