शिमग्यापर्यंत चूल बंद

कोंडाजीने कळशी उचलली आणि पेटत्या चुलीत पाणी ओतलं. फस्सकन आवाज झाला, राख छपरापर्यंत उडाली आणि तव्यावरची तांदळाची भाकरी फुगता फुगता तशीच बसली. चंद्राबाई पिठाने माखलेले हात सावरत मागे सरकली. दहिवलीच्या या घरात ती सून म्हणून आली तेव्हापासून या चुलीतला विस्तव रात्री राखेखाली झाकला जायचा आणि पहाटे फुंकणीने पुन्हा जागा व्हायचा. त्यावर पाणी ओतलेलं तिने कधी पाहिलं नव्हतं.

“आजपासून शिमग्यापर्यंत या घरात चूल नाय,” कोंडाजी म्हणाला. “आगीनं मारलेलं अन्न म्हंजे मढं. इतकी वरसं आपन मढंच खात आलो. वाल्मिकबुवांनी डोळं उघडलं.”

“आन् इतकी वरसं मी रांधलं ते?”

“तुला तरी काय ठावं व्हतं?” कोंडाजीने मोठ्या मनाने तिला माफ करून टाकलं.

हे वाल्मिकबुवा नेरळला राहत. लढाईत मुंबईवर बॉम्ब पडणार म्हणून घाबरून नेरळला आलेल्या एका शेठच्या बंगल्यामागे त्यांची कुडाची झोपडी होती. तिथे ते लोकांना कच्चं खायला शिकवत, सकाळी कडुनिंबाचा रस पाजत आणि पोटावर ओल्या मातीचा थर देत. कोंडाजीला जुनं आंबटपित्त होतं. बुवांकडे आठवडाभर राहून तो परत आला तो छातीतली जळजळ तिथेच सोडून. तिथे तंबाखू बंद होती आणि सुकटीचं लालभडक कालवणही नव्हतं, हे चंद्राबाईने तेव्हाच हेरलं होतं. पण नवऱ्याचं पोट बरं झालंय, तर आता कारणावरून कशाला वाद घालायचा, असं म्हणून ती गप्प बसली. पुढे तिला या गप्प बसण्याचा फार पस्तावा झाला.

कारण कोंडाजी नुसतं बोलून थांबला नाही. भावकीतल्या चार माणसांना ओटीवर बोलावून त्याने ग्रामदेव बहिरीचा अंगारा उचलला. “माझ्या घरातलं मानूस शिमग्यापर्यंत चूल पेटवनार नाय, की कुनाच्या दारी शिजलेलं मागून खानार नाय,” असं म्हणून तो अंगारा त्याने पाळण्यातल्या तान्ह्या नातीच्या कपाळाला लावला. माणूस वाईट नव्हता. आपल्याला गुण आला तो सगळ्या घराला यावा, एवढंच त्याच्या मनात होतं. पण शपथ मोडली तर ती आता पोरीवर जाणार होती, आणि चंद्राबाईचे हात तिथेच बांधले गेले.

मुलगा सदू कर्जतच्या शेडमध्ये घाटाच्या इंजिनांवर कोळसा ओढायचा. त्याने बापाचं म्हणणं मान खाली घालून ऐकलं आणि दोन पाळ्या सलग करायला लागला. शेडमध्ये पोरं फावड्यावर अंडी तळतात हे सगळ्या कर्जतला माहीत होतं. चंद्राबाई स्वतः भिजवलेल्या मुगांवर आणि काकडीवर दिवस काढायला तयार होती. बाईचं पोट कशावरही निभतं, असं तिचं मत होतं. प्रश्न सुनेचा होता. सुंदरा पहिलटकरीण, बाळंतपणाला तीन महिनेसुद्धा झाले नव्हते. तिला गरम पेज हवी होती, आळिवाची खीर हवी होती, दुधात शिजवलेली शतावरी हवी होती. शतावरीचं गाडगं फडताळात भरलेलं होतं, पण शतावरी कच्ची चावून काय उपयोग?

पहिले काही दिवस सुंदराने मूग चावले, पेरू खाल्ले, कडुनिंबाचा रस डोळे मिटून घेतला. मग तिच्या दुधाला कडवट वास येऊ लागला आणि पोर तोंड फिरवू लागली. पुढे दूधच आटत गेलं. गाईचं दूध न तापवता पाजून पाहिलं तर पोरीला हगवण लागली. तिचं रडणं आधी सगळ्या आळीला ऐकू जायचं. हळूहळू ते बारीक होत गेलं, आणि चंद्राबाईला त्या बारीक रडण्याचीच जास्त भीती वाटायला लागली.

तिने नवऱ्याला पुन्हा नेरळला पाठवलं. तो परत आला तो खुशीत.

“बुवा म्हनाले, घाबरू नका. आंगातली घान निघतीया. दूध आटलं म्हंजे नवं, शुद्ध दूध यायच्या वाटंवर हाय.”

“आन् पोरीचं पोट बिघडलंय ते?”

“ती बी घानच.”

“तुमचं पोट बरं झालं ते औषदाचा गुन. हिचं दूध आटलं ती घान निघाली,” चंद्राबाई म्हणाली. “बरं वाटलं तरी बुवा खरं, वाईट वाटलं तरी बुवाच खरं. मग औषद चुकलं, हे कळायचं कवा?”

कोंडाजी उठून गोठ्यात गेला आणि बराच वेळ बैलाची पाठ चोळत बसला.

दुसऱ्या दिवशी शेजारची पारू कुंपणापाशी आली. तिच्या हातात पितळी होती, नव्या तांदळाच्या पेजेची. वाफ वर येत होती. त्या वासाने चंद्राबाईच्या डोळ्यांत पाणीच आलं. तिचा हात कुंपणावरून पुढे गेला आणि तसाच थांबला. हात पुढे करणं म्हणजे मागणंच की. तिला पोरीच्या कपाळावरचा अंगारा दिसला.

“ने, पारू,” ती म्हणाली.

“अगं, वाळून चाललीय तुझी सून...”

“ने म्हनते ना.”

त्या दिवशी सुंदरा मोरीपाशी भांडं घासता घासता खाली बसली ती तिला उठवेना. चंद्राबाईने तिला धरून आत आणलं, निजवलं. तान्ही तिच्या छातीशी तोंड लावून ओढत होती आणि काहीच येत नव्हतं. सुंदरा छताकडे बघत होती. ती रडत नव्हती, कुणाला बोल लावत नव्हती. “आत्या, माझंच काय तरी कमी पडतंय,” एवढंच म्हणाली.

पहाटे कोंडाजी दात घासत होता तेव्हा ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

“आज मी चूल पेटवनार. पोरीच्या डोक्यावरचा अंगारा मी माझ्या डोक्यावर घेते. बहिरीला जे करायचं ते माझं करू दे.”

कोंडाजीने चूळ भरली. तिच्याकडे न बघता तो म्हणाला, “भावकीसमोर उचललाय. मोडला तर तोंड दाखवायला जागा नाय ऱ्हानार.”

“तुमचं तोंड ऱ्हाऊ दे, नायतर माझी नात ऱ्हाऊ दे. काय वाचवायचं ते तुमी ठरवा.”

आतून तान्हीचं रडणं आलं आणि मध्येच तुटलं. कोंडाजीने दोन्ही तळव्यांनी तोंड पुसलं.

“आजचा दिस थांब,” तो म्हणाला. “सांजंला तुला वाटंल ते कर. मी आडवा येनार नाय.”

तो कर्जतच्या आठवडी बाजाराला निघून गेला. काय आणायला, ते त्याने सांगितलं नाही आणि तिनेही विचारलं नाही. दुपारी तो मोकळ्या हाताने परत आला, ओटीवर भिंतीला टेकून बसला आणि नदीकडच्या वाटेवर नजर लावून राहिला. चंद्राबाईने सरपण फोडून चुलीपाशी रचलं. लढाईमुळे काड्यापेटी मिळत नव्हती, म्हणून पारूकडून विस्तव मागावा लागणार होता, आणि आता मागायचीही तिने तयारी केली होती.

ऊन कलायला लागलं तेव्हा नदीकडून रडण्याचा आवाज आला. हेल काढून, छाती पिटत बायका येत होत्या. पुढे सोनुबाई, सुंदराची आई, डोक्यावर पाटी घेऊन. मागे येसाजी, तिचा बाप, आणि त्यांच्या कोंडाणे गावची सात-आठ माणसं. सगळ्या पाट्या फडक्याने झाकलेल्या. मयताच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून सोयरे रांधून आणतात, तो कडू घास. आळीतली माणसं दारांत येऊन उभी राहिली. चंद्राबाईच्या हातातून कोयता गळून पडला.

सोनुबाईने पाटी ओटीवर टाकली. दारात चंद्राबाई उभी दिसली. तिच्याकडे एकवार पाहून सोनुबाई तिला ढकलून आत धावली. तिथे सुंदरा पडलेली होती, आणि तिच्या कुशीत तान्ही हात हलवत होती. सोनुबाईने दोघींना एकदम कवेत घेतलं. मग लेकीचं तोंड हातात धरून तिने उजेडाकडे वळवलं, आणि तिचं रडणं थांबलं.

“ही अशी का झाली गं?” तिने हळूच विचारलं.

बाहेर येसाजी ओटीवर उभा होता. “व्याही, कोन गेलं?”

“कोन नाय गेलं,” कोंडाजी म्हणाला.

“कोन नाय गेलं?” येसाजीचा आवाज चढला. “मग सकाळी बाजारात बोडक्या डोक्यानं फिरत व्हता ते? मी राम राम घातला, तर तुमी हात जोडलं नायत. खाली बघून निघून गेलात. दुखवट्याबिगर कुनी असा फिरतो का? आमी रडत रडत रांधलं, रडत रडत आलो.”

चंद्राबाई दाराची चौकट धरून उभी राहिली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण मुंडासं बांधल्याशिवाय कोंडाजीने कधी उंबरा ओलांडलेला तिने पाहिला नव्हता. ताप फणफणत असतानाही तो मुंडासं बांधून शेतावर जायचा. आणि कोंडाण्याची माणसं दर आठवड्याला बाजाराला येतात हे त्याला तिच्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो आढ्याला लागलेली कोळिष्टकं मोजत असल्यासारखा वर बघत होता.

आतून सोनुबाई बाहेर आली. लेकीची सगळी हकीकत तिने ऐकली होती. तिचे डोळे कोरडे होते आणि पदर खोचलेला होता.

“कडू घास रांधला की माघारी न्यायचा नसतो,” ती म्हणाली. “अशी रीत हाय. का, व्याही?”

“हाय,” कोंडाजी म्हणाला.

“कुनी मागितला नव्हता. आमी आपनहून आनला. आन् घास खाल्ल्यावर त्या घरची चूल सुनेच्या माहेरच्यांनी पेटवायची, ही बी रीत. मी काय तुमच्या घरातलं मानूस नाय.”

ओटीवर भावकीतली चार माणसं जमली होती. एक म्हातारा खाकरला आणि म्हणाला, “रीत ती रीत. त्यात अंगारा कुठं मोडतोय?” बाकीच्यांनी माना हलवल्या. कुणाला हसू येत होतं, पण कडू घासासमोर हसायचं नसतं म्हणून सगळे गंभीर तोंड करून बसले.

पानं मांडली. भाकऱ्या फडक्यात अजून कोमट होत्या, कुळथाचं पिठलं दाट होतं. सुंदराला चंद्राबाईने भिंतीला टेकवून बसवलं आणि पहिला घास तिच्या तोंडात घातला. सुंदरा चावत राहिली आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत राहिलं. कोंडाजीने रीत म्हणून एक घास घेतला. रीत म्हणून दुसरा घेतला. तिसऱ्या भाकरीपर्यंत त्याला रीतच निभवायची होती.

मग सोनुबाईने पारूकडून विस्तव आणला, चुलीत घातला आणि फुंकला. सरपण रचलेलंच होतं. जाळ धरला, धूर कौलांतून बाहेर पडला आणि आळीतली पोरं उगीचच ओरडली. चंद्राबाईने शतावरीचं गाडगं फडताळातून काढलं. त्या चुलीतला विस्तव तिने पुढे एक दिवससुद्धा विझू दिला नाही. घरातल्या माणसाने चूल पेटवायची नव्हती, तर मग पेटवायची वेळच येऊ द्यायची नाही, एवढंच तिने ठरवलं.

सोनुबाई लेकीजवळ राहिली. सुंदरा पेज प्यायली, खीर खाल्ली, झोपली. एका सकाळी तान्ही मोठ्याने रडली, सगळ्या आळीला ऐकू जाईल अशी, आणि सुंदराची चोळी दोन्ही बाजूंनी भिजली. ती घाईने तान्हीला पदराखाली घेऊन बसली. पोर गटगट ओढू लागली, तिला ठसका लागला आणि दूध तिच्या गालावरून मानेपर्यंत ओघळलं. सोनुबाईने आईभवानीला हात जोडले. चंद्राबाई चुलीपाशी भाकरी थापत होती. तिला वाटलं, आपल्या अंगणात आज गावजेवण घालावं.

कोंडाजी समोर पाटावर बसून जेवत होता. मुंडासं नीट बांधलेलं होतं.

“अवो, येक इचारू?”

“इचार.”

“बाजाराला बोडकं का गेलावता?”

कोंडाजीने भाकरीचा पापुद्रा सोलला. “डोक्याला कवळं ऊन लागावं, आसं बुवा म्हनतात.”

“आन् व्याह्याला राम राम घालायचा नाय, ह्ये बी बुवाच म्हनले?”

त्याने रिकामं ताट तेवढं पुढे सरकवलं. चंद्राबाई हसली, खूप दिवसांनी अगदी मोकळी हसली. तव्यावरची फुगलेली भाकरी तिने आधी सुंदराच्या ताटात टाकली आणि नवऱ्यासाठी दुसरी थापायला घेतली.