चौथा चौकोन

डॉक्टरांनी रत्नाताईंना सहा आठवडे बसून राहायला सांगितलं, त्याच दुपारी त्यांच्या घरात पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंत चुन्याची पट्टी उमटली आणि तिच्यावर खो-खोचे आठ चौकोन. दोन्ही दारांत खांबही रोवलेले होते. रत्नाताई मुकाट्याने चौथ्या चौकोनात जाऊन बसल्या. मैदानावर त्यांची जागा तीच. गुडघा वाकत नव्हता म्हणून पाट घेतला आणि तोंड भिंतीकडे केलं.

पन्नाशी उलटलेल्या नऊ जणी मिरजेच्या एका शाळेच्या मैदानावर रोज सकाळी खो-खो खेळायच्या. लोक हसत. हसतील त्यांचे दात दिसतील, असं रत्नाताई म्हणत. खांबाला वळसा घालताना त्यांचा गुडघा फिरला, एवढंच झालं. नियमांना त्याच सगळ्यांत कडक. त्याला कारण होतं. शाळेत असताना ढालीच्या सामन्यात त्यांनी पळत येऊन ताराच्या पाठीवर हात ठेवला आणि खो म्हणायला विसरल्या. तारा नियमाप्रमाणे बसून राहिली. ढाल गेली. चाळीस वर्षं दोघी एकत्र खेळत होत्या, पण तारा त्यावर कधी अवाक्षर बोलली नव्हती.

सहा आठवडे सरले, गुडघा ठणठणीत झाला. रत्नाताई उठायला गेल्या, तशी घरात कुठेतरी शिट्टी वाजली. त्या परत बसल्या. खो मिळाल्याशिवाय उठायचं नाही, हे त्यांनीच आजवर सगळ्यांना दरडावलं होतं. आता कोणत्या तोंडाने उठणार?

बंगळुरूहून मुलीचा फोन आला. तिने आईची अडचण शांतपणे ऐकून घेतली आणि फोनवरच खो दिला. शिट्टी वाजली, पाठीला हात लागला नव्हता. मग कामाला येणाऱ्या सरूबाईंनी ओले हात पदराला पुसले, पाठीवर थाप मारली आणि चांगला खणखणीत खो दिला. पुन्हा शिट्टी.

"मी कुठं तुमच्या संघात हाय, ताई," असं म्हणून सरूबाईंनी चहाचा कप पाटाशी ठेवला आणि त्या भांड्यांकडे वळल्या.

म्हणजे संघातलंच कुणीतरी यायला हवं होतं. सरूबाईंबरोबर मैदानावर निरोप धाडला. उलट निरोप आला, की घाई करू नका, सावकाश बऱ्या व्हा, नवीन बाई मिळाली आहे. गुडघा फिरला तेव्हा रत्नाताईंच्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं, ते आता आलं. त्यांना फार एकटं वाटलं.

घर लांबत चाललं. स्वयंपाकघर इतकं दूर गेलं की चहा येईपर्यंत निवून जाई. पुढे चहाही यायचा थांबला. समोरची भिंत मात्र रोज वीतभर जवळ येत होती. शेवटी ती नाकाला टेकली आणि मान वळवायला जागा उरली नाही.

एका सकाळी संघ आला. कॅनव्हासच्या बुटांच्या आवाजावरून रत्नाताईंनी एकेकीला ओळखलं. बाकीचे सात चौकोन भरले. नवीन बाई खांबापाशी उभी राहिली. तिला बसायला जागा नव्हती. खेळ सुरू झाला. खो एका चौकोनातून दुसऱ्यात जाई आणि चौथा तेवढा ओलांडून पुढे पळे. मग ताराची पाळी आली. तिची धाप जवळ आली, तशा रत्नाताई भिंतीला म्हणाल्या,

"तारा, मी बरी झाले."

"माहीत आहे गं. बस तू."

धाप पुढे गेली, खांबाला वळसा घालून परत आली आणि मागे थांबली. पाठीवर हात पडला. करंगळी वाकडी होती, म्हणजे ताराचाच. रत्नाताईंनी टाच उचलली, बोटं जमिनीला टेकवली आणि खोची वाट पाहू लागल्या. शेजारच्या चौकोनांतले श्वास थांबले. खांबापाशी उभी असलेली बाई एक पाऊल पुढे आली. हात गरम होता, चुन्याने थोडा खरखरीत, आणि पाठीवरच होता.