आत्याबाईंकडे अडकलेला तुकडा

दादाच्या डाव्या डोळ्यामागे गाठ होती आणि ती डोळ्याच्या नसेवर दाबत होती. किरणं कुठून आणि किती सोडायची, याचा हिशोब चार वाजेपर्यंत डॉक्टरीणबाईंच्या हातात हवा होता. नाहीतर आजची पाळी दुसऱ्याला, आणि मग किरणांचं यंत्र आठवडाभर दुरुस्तीला. तोवर डोळा टिकेल याची खात्री द्यायला त्या तयार नव्हत्या.

हा हिशोब होतो माझ्याच खोलीत. इस्पितळाचे कॉम्प्युटर मी सांभाळते. वेगवेगळ्या विभागांनी जमेल तेव्हा जमेल तसे घेतलेले, एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही, पण मोठा हिशोब सगळ्यांनी वाटून करायचा. सगळ्यात नवा तो जावईबापू. त्याचे लाड विचारू नका. सगळ्यात जुन्या त्या आत्याबाई, सदा कुरकुरणाऱ्या. पण दादाचे सगळे स्कॅन त्यांच्याच पोटात. बाकीच्यांना त्यांच्या वाट्याचे पाठवण्यातच अख्खी सकाळ गेली होती.

साहेबांचा नियम असा, की कामाचे तुकडे सगळ्यांना सारखे वाटायचे. का, तर विभागाविभागांत भांडणं नकोत! अहो, पैलवानाला आणि लेकराला एकच पोतं कसं द्यायचं? पण ऐकतंय कोण. व्हायचं तेच झालं. जावईबापू केव्हाच हात झाडून मोकळे, बाकीचेही मोकळे, आणि शेवटचा तुकडा आत्याबाईंकडे अडकलेला. तो आल्याशिवाय हिशोब पुरा होत नाही.

चार वाजत आले तसं माझं डोकं फिरलं. "बंदच करते हिला! तुकडा काढून जावयाला देते."

"अगं, थांब," थंडोबा म्हणाला. हा माझा सहकारी. घराला आग लागली तरी आधी चहा संपवेल. "तिचं झालेलं कशाला घालवतेस? तोच तुकडा जावयालाही दे. करू देत दोघांना. जो आधी संपवेल त्याचं घ्यायचं."

"आणि दोघंही रखडले तर?"

"तर मला शिव्या घाल."

दिला. जावईबापूंनी काम घेतलं, पण स्कॅन आत्याबाईंकडूनच मागवायचे, आणि आमची वायर म्हणजे नुसती बोळकांडी. ते आपले स्कॅन ओढत बसले. मी दोघांनाही मनातल्या मनात लाखोली वाहिली.

आणि आत्याबाईंनी तुकडा पुरा केला! जावयाचे स्कॅनसुद्धा अजून आले नव्हते. आणि मी तिला बंद करायला निघाले होते! थंडोबाच्या पाठीत एक गुद्दा घातला आणि खाली पळत सुटले.

डॉक्टरीणबाईंनी हिशोब दोनदा तपासला. "बरोबर आहे. घ्या त्यांना आत."

वहिनी मटकन खुर्चीत बसली. "सुटलो गं बाई," एवढंच म्हणाली. मला मात्र हुंदका आवरेना.

आत जाता जाता दादा थांबला. उजव्या डोळ्यावर हात धरून त्यानं माझ्याकडे नीट निरखून पाहिलं.

"नाक पूस आधी, येडे," तो म्हणाला. "दिसतंय मला."